चिन्नोरचा वास

रविवारी सकाळी अंघोळ झाली की माझे घरमालक ओसरीवर बसून एक सिगारेट कापायचे. आठवडाभर ज्या कैचीने ते तेंदूचा पत्ता, म्हणजे बिडीचं पान, कापायचे, तीच कैची त्या दिवशी राखेने घासून लख्ख केलेली असे. सिगारेट आडवी धरून, एक डोळा मिटून, ते ती नेमकी मधोमध कापत. एक अर्धी सकाळची, दुसरी संध्याकाळची. संध्याकाळची अर्धी कानावर अडकवून ते दिवसभर गावात हिंडत. कोणी मागितली तर कानावर हात ठेवून म्हणत, "हे नाई भेटत बावा. हे संध्याकाळची आहे."

सोमवार ते शनिवार हा माणूस बिड्या वळायचा. मांडीवर सूप, सुपात पत्ता आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की तोंडाने गप्पा मारताना त्यांना हाताकडे बघावंही लागत नसे. पण स्वतः त्यांनी कधी बिडी ओढली नाही. मी एकदा कारण विचारलं.

"बिडी माहा धंदा होय जी मास्तर. धंद्याले तोंड नाई लावत मी. सिगारेटची गोष्ट अलग. सहा दिवस मजूर, एक दिवस सायेब."

मी ज्वारी-कापसाच्या मुलखातला. शिकून पहिली नोकरी लागली ती भंडारा जिल्ह्यात करडीच्या पुढच्या एका गावात, तलावाच्या पाळीलगतच्या, म्हणजे बांधाजवळच्या शाळेत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गावात भाड्याने खोली मिळणं कठीण, तेव्हा हेडमास्तरांनी मला या बिडीवाल्यांकडे पाठवलं. घर म्हणजे एक ओसरी, ओसरीला लागून समोरची खोली आणि मधल्या दारापलीकडे स्वयंपाकाची जागा. समोरची खोली मला मिळाली. दारापलीकडे ते आणि त्यांची मुलगी राहत. बायको काही वर्षांपूर्वी वारली होती. मुलगी आमच्याच शाळेत दहावीला होती आणि शाळेतून आली की बापाशेजारी सूप घेऊन बसायची. मी एकटा, बिनलग्नाचा. मधलं दार ओलांडायचं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. मी त्यांना काकाजी म्हणत असे. ते मला मास्तर म्हणत, आणि काही चिडवायचं असलं की गुरुजी.

त्यांच्याकडे चांगला शर्ट एकच होता. तो शनिवारी धुतला जाई आणि रविवारी त्याला इस्त्री होई. इस्त्री म्हणजे पितळेचा तांब्या. त्यात चुलीतले निखारे घालायचे, तोंडाला फडकं गुंडाळायचं आणि तांब्याचं बूड शर्टावरून फिरवायचं. कॉलरला ते इतका वेळ देत की मुलगी आतून म्हणे, "बाबा, भाजी करपून राहिली, निखारे वापस द्या." ते म्हणत, "भाजी पोटात जाते माय. कॉलर चार लोकायले दिसते."

चहा आठवडाभर कोरा. रविवारी दुधाचा, आणि त्यात वेलचीचा वास. पण वेलची कधी कुटलेली मी पाहिली नाही. तुमसरच्या मिठाईवाल्याकडची टाकलेली सालं ते कागदाच्या पुडीत आणत आणि साखरेच्या डब्यात ठेवून देत. साखरच वास धरे. वर्तमानपत्र ते रोज वाचत, पण एक दिवस शिळं. चहाच्या टपरीवर सकाळच्या एसटीने पेपर येई. त्याच्यावर दिवसभर गावाचे हात पडत, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवाला तो पुड्या बांधायला काढे. फाडायच्या आधी अर्धा तास पेपर काकाजींचा. "कालची गोष्ट आज वाचली म्हनून थे बदलते का जी?" ते मला विचारत. "आनि तुमच्यावानी फुकटची घाई नाई. लोकं झगडून मोकळे झाले रायते तवा मी सुरू करतो."

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास ते काखेत पोत्याची घडी मारून तलावाच्या पाळीवर जात. पाळीवर मोहाचं एक झाड होतं. त्या झाडाच्या एका विशिष्ट बाजूला, एका माणसाला बसता येईल एवढ्याच जागेत, पाण्यावरून थंड वारा येई. दोन हात इकडे नाही, दोन हात तिकडे नाही. ती जागा त्यांनी शोधून काढली होती. मला तिथे पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी पोतं झटकून अंथरलं, मला बसवलं आणि स्वतः उन्हात उभे राहिले.

"लागली का हवा?"

"लागली," मी म्हणालो.

"मंग उठा आता. माहा नंबर."

बिडी कारखान्याचा मुनीम आठवड्यातून एकदा माल न्यायला येई. बिड्या तपासताना तो त्यांच्या शर्टाकडे बघून बोलायचाच. एकदा म्हणाला, "काय हो, बिड्या वळनाऱ्याले इस्त्री कायले लागते?" काकाजींनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाले, "मुनीमजी, गरिबी आमच्या घरी राहाते, तं राहो. पन तिले मी एका कोपऱ्यात बसवून ठेवली. साऱ्या घरात फिरू नाई देत." मुनीम हसला आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बिड्या वाकड्या म्हणून बाजूला काढून, त्यांची मजुरी कापून गेला. काकाजी त्या वाकड्या बिड्यांकडे बघत म्हणाले, "आता हे गरिबी नाई मास्तर. हे मुनीम होय."

अशा माणसाबद्दल लिहायला घेतलं की हात चालतो, कारण हे सगळं आठवायला गोड आहे. जे गोड नाही ते मी इतकी वर्षं टाळत आलो.

रोज संध्याकाळी मी माझ्या खोलीत स्टोव्हवर खिचडी टाकायचो. दिवेलागणीच्या सुमाराला मधल्या दाराच्या फटीतून एक वास यायचा. भाताचाच, पण मला माहीत असलेल्या भाताचा नव्हे. तूप कढवल्यासारखा, कोवळ्या गवतासारखा, असं काही म्हणता येईल, पण ते खरं नाही. माझ्या मुलखात भात सणाला व्हायचा आणि त्याला वास असतो हेच मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी ओसरीवर विचारलं, "काकाजी, तुमच्याकडे रोज काय शिजतं?"

त्यांचा चेहरा उजळला. "चिन्नोर," ते म्हणाले.

एवढंच. मग मला त्यांनी चिन्नोर म्हणजे काय ते शिकवलं. धानात धान चिन्नोर. दाणा बारीक, पीक कमी, म्हणून शेतकरीही आपल्या घरापुरताच लावतो. पाटलाच्या घरी पाहुणे आले की शिजतो. दर वर्षी मळणीच्या दिवसांत काकाजी एका शेतकऱ्याच्या खळ्यावर राबायला जात आणि मजुरी म्हणून जाड्या धानाऐवजी चिन्नोरच मागून घेत. गाव त्यांना त्यासाठी हसायचं, कारण तेवढ्याच कामाचं जाडं धान कितीतरी जास्त मिळालं असतं. मीही मनातल्या मनात हसलो. बिड्या वळणारा माणूस पाटलाचा भात खातो, तोही रोज.

मुलगी दहावी पास झाली, चांगल्या गुणांनी. पुढची अकरावी भंडाऱ्याला. तिथे गरीब मुलींसाठी काही दानशूर मंडळींनी चालवलेलं एक वसतिगृह होतं. राहणं-जेवण फुकट, जागा मोजक्या. अर्जासोबत गावातल्या एका शिक्षकाने मुलीच्या घरची परिस्थिती प्रत्यक्ष पाहून अहवाल लिहायचा आणि खाली पालकाने 'वाचले, बरोबर आहे' म्हणून सही करायची, असा नियम होता. हेडमास्तरांनी अर्ज माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमचेच घरमालक आहेत. बघा, नीट लिहा."

त्या 'नीट'चा मी काय अर्थ घेतला, तेच माझं पाप. मला वाटलं, घरमालक म्हणून मी झुकतं माप देईन अशी त्यांना शंका आहे. माझं ते कायम होण्याचं वर्ष होतं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि आपण प्रामाणिक आहोत, या गोष्टीचा मला फार अभिमान होता. मी माझ्या खोलीत, माझ्या टेबलाशी बसून अहवाल लिहिला. 'प्रत्यक्ष पाहून' या शब्दांपाशी थांबलो, मधल्या दाराकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, या घरात राहतो मी, आणखी काय पाहायचं? मग लिहिलं: 'पालक बिडी कामगार आहेत. राहणी टापटीप व काहीशी चैनीची आहे. घरी दररोज चिन्नोर तांदळाचा भात शिजतो.'

अहवाल सहीसाठी काकाजींपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, आणि वर्तमानपत्र वाचत तसा, ओळीवर बोट ठेवून, सावकाश वाचला. शेवटच्या वाक्यावर बोट बराच वेळ राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे ना, काकाजी?" मी विचारलं.

"कागदावर चांगलं दिसून राहिलं," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्यांची सही मोठी वळणदार होती, शेवटच्या अक्षराची शेपटी खालून पुन्हा पहिल्या अक्षरापर्यंत नेलेली. मी अहवाल हेडमास्तरांकडे दिला. मंगळवारी शिपाई सगळे कागद घेऊन भंडाऱ्याला जाणार होता.

रविवारी काकाजींनी मला जेवायला बोलावलं. "पोरीचं काम केलं तुमी. एक डाव आमच्या घरचं खा." मी पहिल्यांदा मधलं दार ओलांडलं.

आत चूल, दोन पितळी भांडी, एका कोपऱ्यात पत्त्याचे गठ्ठे आणि फळीवर घट्ट झाकणाचा एक डबा. चुलीवर भात अर्धा शिजला होता. हंडीत होता तो आम्ही गावात सगळेच खात असू तो जाडा, लालसर तांदूळ. काकाजींनी डब्याचं झाकण काढलं, आत हात घातला, एक मूठ भरून काढली, मुठीवरचे सांडतील असे दाणे अंगठ्याने परत डब्यात ढकलले आणि ती मूठ हंडीतल्या भातावर वरूनच पसरून दिली. मग वर पाण्याने भरलेलं ताट झाकलं. थोड्या वेळाने तोच वास घरभर झाला.

"एकच मूठ?" मी विचारलं.

"एकच मूठ जी," ते फुशारकीने म्हणाले. "आदी टाकली तं जाड्यात हरपते. मागून टाकली तं वास साऱ्या भाताले लागते. वास हे सगळ्यात सस्ती चीज होय मास्तर. एका मुठीत सारी गल्ली जेवते."

"बाबा ताट काढाच्या आधी दार उघडतेत," मुलगी हसून म्हणाली. "बाहेर वास गेला पायजे, मंग जेवाचं."

तिने ताटं वाढली. मूठ वरूनच टाकलेली, म्हणून बारीक पांढरे दाणे हंडीत वरच्या थरातच होते. तिने तो थर अलगद उलथण्याने उचलून माझ्या ताटात ठेवला. बापाच्या आणि तिच्या ताटात खालचा जाडा भात पडला. दोघं जेवू लागली. काकाजींनी घास घेण्याआधी माझ्या ताटाच्या दिशेने एक दीर्घ श्वास घेतला, मग आपला घास घेतला. मी त्या दिवशी काय भाजी खाल्ली ते मला आठवत नाही.

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण तोपर्यंत मी चुकलो होतो, एवढंच म्हणता आलं असतं. कागद अजून गावातच होता. सोमवारी सकाळी मी हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. अहवाल परत मागायचा तर सांगावं लागणार होतं की मी स्वयंपाकघर न पाहताच 'प्रत्यक्ष पाहून' लिहिलं. वासावरून लिहिलं.

"काय हो?" हेडमास्तरांनी वर न बघता विचारलं.

"खडूची पेटी हवी होती."

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मी खडूची पेटी घेऊन वर्गात आलो. मंगळवारी शिपाई गेला.

महिन्याभराने पत्र आलं. घरची परिस्थिती पाहता प्रवेश देता येत नाही. काकाजींनी ते ओसरीवर बसून वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "घ्या गुरुजी. लेखी आलं. आमी गरीब नाई." मुलगी आतच होती. थोड्या वेळाने ती बाहेर आली, बापाशेजारी सूप घेऊन बसली आणि पत्ता कापू लागली. त्या वर्षी ती शाळेच्या घंटेला मान वर करायची. मी रोज त्याच घंटेला शाळेत जायचो. मार्चमध्ये मी कायम झालो.

पत्र आलं त्या संध्याकाळपासून भाताचा वास बंद झाला. मधल्या दाराच्या फटीतून धूर यायचा, फोडणीचा वास यायचा, पण तो वास नाही. रविवारचा शर्ट चालू होता, अर्धी सिगारेट चालू होती, फक्त हेच नाही. मला वाटलं, ही शिक्षा मलाच आहे. मग वाटलं, त्यांचं मनच गेलं असेल. विचारायचं धैर्य झालं नाही. ते वर्षभर मी स्वतःची खिचडी बिनवासाची खाल्ली, आणि ती तशीच खाण्याच्या लायकीची आहे असं मला वाटत राहिलं.

पुढच्या जूनमध्ये एके सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर उभे. रविवार नव्हता. पायाशी मुलीची पेटी आणि तो फळीवरचा डबा, तोंडाला कापड बांधलेला.

"भंडाऱ्याले जाऊन राहिलो. इची मावशी आहे तिथं. घर लहान आहे तिचं, माणसं बम. पन इले ठेवून घेते म्हनते."

"आणि हा डबा?"

"चिन्नोर. पोरगी कोनाच्या घरी ठेवाची तं मान खाली घालून कशी ठेवाची जी? मावशीच्या घरचेयले समजलं पायजे का पोरगी कोनत्या घरची आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "काहून, तुमाले वाटलं मी सोडला? रोज एक मूठ काढतच होतो ना मास्तर. हंडीत टाकाच्या जागी वेगळ्या डब्यात टाकली. सालभर."

एसटी आली. डबा त्यांनी वर टपावर ठेवू दिला नाही, मांडीवर घेतला.

मुलगी मावशीकडे राहून शिकली. पुढे नर्स झाली. मी वर्ध्याकडे बदली करून घेतली, लग्न केलं, मुलं झाली. आणि हेडमास्तरांच्या दारात उभं राहून खडूची पेटी मागणारा त्या सकाळचा माणूस माझ्याबरोबर सगळीकडे आला.

सहा-सात वर्षांनी मी परत गेलो, एका रविवारी, मुद्दाम. काकाजी ओसरीवर होते. केस पिकलेले, कॉलर तशीच कडक. मुलगी रजेवर आली होती. तिने चहा आणून दिला, "सर, जेवूनच जा" म्हणाली आणि आत गेली. ती आता नोकरीतून चिन्नोरचं पोतंच पाठवायची. पण चूल तिच्या हातात असली तरी मूठ काकाजीच टाकत, आणि जाड्या भातावरच. "निस्ता चिन्नोर शिजवला तं नाकाले आदत होते," ते म्हणाले. "मंग वास येतच नाई. जाडा पायजे संगं."

मग मी सगळं सांगितलं. हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये असं. वासावरून लिहिलं ते, आणि कळल्यावरही कागद जाऊ दिला ते. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "मी वाचूनच सही केली होती जी. मले वाचता येते."

"मग थांबवलं का नाही? एक मूठ, एवढंच सांगायचं होतं."

त्यांनी बाहीवरची सुरकुती हाताने सरळ केली. "साऱ्या उमरीत पयल्यांदा कोनी कागदावर लिवलं होतं, का याच्या घरी रोज चिन्नोर शिजते. शिकलेल्या मानसानं. थे कसं खोडाले सांगू? मले वाटलं, दोन दिवस तं राहू द्या. मंग कागद गेला." त्यांनी मधल्या दाराकडे पाहिलं. "पोरीचं एक साल तुमी एकट्यानं नाई खाल्लं मास्तर. दोघानं मिळून खाल्लं. इले नका सांगू. मी हाव तोवर तरी."

ते आता नाहीत. मुलगी आहे, आणि हे तिच्यापर्यंत पोचेल. पोचावं म्हणूनच लिहिलं. तिने माझ्या ताटात वरचा थर वाढला तेव्हा तिचा कागद शंभर पावलांवर हेडमास्तरांच्या टेबलावर पडून होता, आणि मला ते ठाऊक होतं. बापाने आपला वाटा माझ्यापाशी कबूल केला होता. माझा मी इथे करतो.

त्या रविवारी बोलणं संपल्यावर काकाजी उठले, कैची राखेने घासून आणली, खिशातली सिगारेट काढली, एक डोळा मिटला आणि ती मधोमध कापली. एक अर्धी स्वतः घेतली. दुसरी कानावर अडकवायला हात वर नेला, थांबले आणि ती माझ्यापुढे धरली.

"ती संध्याकाळची आहे ना?" मी म्हणालो.

"धरा."

मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. त्यांनी काडी पेटवून पुढे केली. मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते शांतपणे आपली अर्धी ओढत होते. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, मग मधलं दार उघडलं गेलं, आणि वास बाहेर आला.